काजूची नोंदवही: अनुभव कागदावर आणा, भाव मागा

चंदगड तालुक्यात काजू पिकतो आणि काजू बीवर प्रक्रिया करणारे कारखानेही इथेच आहेत. कोणत्या झाडाची बी टपोरी, कोणत्या झाडाची पोचट, हे घरातल्या जाणत्या माणसाला ठाऊक असते. पण ते कुठे लिहिलेले नसते. मग सगळी बी एकाच पोत्यात जाते आणि भावही सरसकट मिळतो.

वेंगुर्ला-७ ची बी साधारण १० ग्रॅमची, म्हणजे किलोत सुमारे १०० बिया. वेंगुर्ला-४ च्या किलोत सुमारे १३०. बी मोठी तर गर मोठा, आणि मोठ्या गराला वरची प्रत. म्हणून एवढे लिहून ठेवा:

• झाडांना क्रमांक द्या. प्रत्येक वेचणीचे झाडनिहाय वजन लिहा.
• उन्हात नीट वाळवलेली एक किलो बी मोजा.
• गराचा उतारा पाहा. एक किलो बीतून ३०० ग्रॅम गर म्हणजे उतारा ३० टक्के. टरफलातील तेलाने कातडी भाजते, त्यामुळे बी कारखान्यातच फोडून घ्या.
• मोहोर, ढेकण्याचा प्रादुर्भाव व फवारणी यांच्या तारखा लिहा.

तीन हंगामांच्या नोंदींवरून कलमासाठी काड्या कोणत्या झाडाच्या घ्यायच्या आणि कोणते झाड बदलायचे, हे ठरवता येते.

कृषी सहायकांनी गटाच्या नोंदी एकत्र कराव्यात. एकसारख्या बीची रास आणि हातात आकडे असले, की खरेदीदाराशी बोलणे सोपे जाते.