वडपळनीचे मांत्रिक : मराठी कुमारांच्या अद्भुत वाचनाचा आढावा

अद्भुतरम्य कादंबरी, म्हणजे संभवनीयतेपेक्षा विस्मयाला अग्रक्रम देणारी कादंबरी, हिचा मराठीतील इतिहास सांगताना अभ्यासक बहुधा लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या १८६१ सालच्या ‘मुक्तामाले’पासून आरंभ करतात, नाथमाधवांच्या ‘वीरधवल’पाशी थोडे रेंगाळतात आणि तेथून थेट नारायण धारपांकडे व अनुवादित हॅरी पॉटरकडे येतात. या वाटेवरचा एक मोठा मुक्काम सहसा गाळला जातो. शाळकरी वयाच्या असंख्य मराठी वाचकांनी राक्षस, यक्ष, पाताळातील किल्ले आणि कपालधारी मांत्रिक यांनी भरलेली दीर्घ कथा प्रथम वाचली ती चेन्नईच्या वडपळनी भागातून येणाऱ्या ‘चांदोबा’ मासिकात, आणि ती मूळची तेलुगू होती.

बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७मध्ये ‘चंदामामा’ प्रथम तेलुगूत सुरू केले. तमिळमध्ये ते ‘अंबुलिमामा’ झाले आणि १९५२ साली मराठीत ‘चांदोबा’ या नावाने आले. हेच दोघे विजया प्रॉडक्शन्स या चित्रसंस्थेचे चालक होते, आणि १९५१चा ‘पाताळ भैरवी’ व १९५७चा ‘मायाबाजार’ हे त्यांच्याच संस्थेचे चित्रपट. मांत्रिकाच्या गुहेचे नेपथ्य उभारणारा स्टुडिओ आणि तसल्याच गुहेची चित्रे छापणारे मासिक एकाच मालकीचे असणे हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे. विस्मय हा व्यवसाय म्हणून कसा चालवावा, हे त्या काळच्या मद्रासला मुंबईपेक्षा अधिक चांगले कळले होते, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

मासिकाची रचना समजून घेतली म्हणजे त्यातील कादंबऱ्यांचे वैशिष्ट्यही उलगडते. मजकूर मुख्यतः तेलुगूत सिद्ध होई, त्यावरून इतर भाषांतील आवृत्त्या तयार होत, आणि चित्रे बहुतांशी सर्व आवृत्त्यांना समान असत. त्यामुळे कथेतील राज्ये कोणत्याही नकाशावर न सापडणारी आणि पात्रांची नावे कोणत्याही एका प्रांताची नसलेली, संस्कृत वळणाची ठेवणे सोयीचे ठरले. चित्रांतील गोपुरे, खांब आणि दागिने मात्र स्पष्टपणे दक्षिणेचे होते, त्यामुळे विदर्भातील वा कोकणातील मुलाच्या कल्पनेतला पुरातन राजवाडा नकळत द्राविड शैलीचा झाला. विक्रम-वेताळाच्या गोष्टींची चित्रे काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, २०२० साली वयाच्या ९६व्या वर्षी निवर्तले आणि २०२१मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. धारावाहिक कादंबऱ्यांची चित्रे मुख्यतः ‘चित्रा’ या नावाने सही करणाऱ्या चित्रकाराची असत.

या धारावाहिकांचे, म्हणजे दरमहा एक प्रकरण अशा हप्त्यांनी चालणाऱ्या कादंबऱ्यांचे, प्रमुख लेखक होते दासरी सुब्रह्मण्यम. १९५४च्या ‘तोकचुक्क’पासून, म्हणजे ‘धूमकेतू’पासून, १९७८मध्ये सुरू झालेल्या ‘भल्लूक मांत्रिकुडु’पर्यंत ‘कंचुकोट’, ‘ज्वालाद्वीपम्’, ‘राकासिलोया’, ‘पाताळदुर्गम्’, ‘शिथिलालयम्’, ‘यक्षपर्वतम्’ अशी त्यांची मालिका आहे. ‘यक्षपर्वता’तील खड्गवर्मा आणि जीवदत्त किंवा ‘शिथिलालया’तील शिखिमुखी आणि विक्रमकेसरी या जोड्या पाहिल्या तर रचनेचे सूत्र दिसते: दोन तरुण मित्र, अरण्यातील टोळ्या, एखादा सत्तालोभी मांत्रिक, आणि प्रत्येक हप्त्याच्या शेवटी संकटाचा असा क्षण की पुढील अंकाशिवाय सुटका नाही. नायकांची वये तरुण, त्यांच्यावर वडीलधाऱ्यांचे छत्र नाही आणि निर्णय त्यांचे त्यांनाच घ्यावे लागतात. ‘यंग अडल्ट’ म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या साहित्याची, म्हणजे साधारण बारा ते अठरा वर्षांच्या वाचकाला समोर ठेवून लिहिलेल्या कादंबरीची, हीच लक्षणे सांगितली जातात. अमेरिकेत या प्रकाराचा आरंभ बहुधा एस. ई. हिंटन यांच्या १९६७च्या ‘द आउटसायडर्स’शी जोडला जातो. वडपळनीचे मित्रद्वय त्याच्या आधीपासून भटकत होते, मात्र त्यांना प्रौढत्वाचे अंतर्द्वंद्व ठाऊक नव्हते, आणि स्त्रीपात्रांच्या बाबतीत तर ही मालिका बरीच कंजूष आहे.

आणखी एक विसंगती लक्षणीय आहे. १९५२ ते १९८० या काळात या मंत्रतंत्राच्या जगावर संपादकीय नजर होती ती कोडवटिगंटि कुटुंबराव यांची, जे तेलुगू साहित्यात विवेकवादी आणि मार्क्सवादी लेखक म्हणून ओळखले जातात. कथांतील मांत्रिक बहुधा बुद्धीपुढे हरतो, यामागे हा हात असावा.

इतके वाचले गेलेले साहित्य मराठी समीक्षेत जवळजवळ अनुल्लेखित का राहिले, याचे मुख्य कारण असे की धारावाहिकांवर लेखकाचे नाव छापले जात नसे. अंक शेजारीपाजारी फिरत, वर्षभराचे अंक एकत्र बांधून ठेवले जात, पुढे काय होईल यावर मधल्या सुट्टीत वाद होत. परंतु ही चर्चा ‘चांदोबातली गोष्ट’ एवढ्याच नावाने चालली आणि लेखकाविना ग्रंथसूचीत तिला जागा मिळाली नाही. वाचकाला मासिकाशी बोलण्याची ठरलेली जागा म्हणजे छायाचित्रांना मथळे सुचवण्याची स्पर्धा. याउलट भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, नाव आणि गाव दोन्ही असलेला, पुण्याच्या सायकलीवरून थेट बालसाहित्याच्या इतिहासात शिरला. तमिळमध्येही कल्कींची ‘पोन्नियिन सेल्वन’ १९५० ते १९५४ या काळात साप्ताहिक हप्त्यांनीच आली, पण लेखकाच्या नावामुळे ती पिढ्यान्‌पिढ्या चर्चिली जात २०२२मध्ये पडद्यावर पोहोचली.

‘चांदोबा’चा उत्तरकाळ थोडक्यात सांगता येतो: १९९८मध्ये प्रकाशन थांबले, वर्षभराने पुन्हा सुरू झाले, २००७मध्ये मुंबईच्या जिओडेसिक कंपनीने मासिक विकत घेतले आणि पुढील काही वर्षांत ते बंद पडले.

चेन्नईत आज मुलांसाठी प्रकाशनाचे हे काम वेगळ्या हातांनी चालते. १९९६मध्ये सुरू झालेले तूलिका प्रकाशन मराठीसह अनेक भाषांत चित्रपुस्तके काढते, आणि तेथूनच २०११मध्ये आलेल्या सौम्या राजेंद्रन व निवेदिता सुब्रमण्यम यांच्या ‘मयिल विल नॉट बी क्वाएट’ या रोजनिशीवजा इंग्रजी पुस्तकाला २०१५चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. चांदोबातील नायकांजवळ नसलेले सारे या रोजनिशीतल्या मयिलजवळ आहे: चिडचिड, प्रश्न, मुलगी असण्याची जाणीव, मांत्रिक तेवढा नाही. तो शोधायचा तर ब्लाफ्ट या २००८पासून तमिळ रहस्य-रंजनकथांचे इंग्रजी अनुवाद काढणाऱ्या प्रकाशनाकडे जावे लागते, ज्याने २०२०मध्ये देशभरातील भुते, राक्षस आणि पिशाच्चे यांचा जाडजूड कोश प्रसिद्ध केला. ही नवी पुस्तके लेखकांच्या नावांनिशी येतात आणि त्यांची परीक्षणेही होतात. पण तूलिकेची मराठी चित्रपुस्तके लहानग्यांपर्यंत येऊन थांबतात आणि तेरा-चौदा वर्षांच्या मराठी वाचकाला चेन्नईची कादंबरी इंग्रजीतूनच गाठावी लागते. तेलुगूत दासरींच्या मालिका त्यांच्या नावानिशी पुस्तकरूपाने आल्या आहेत. मराठीत त्यांचे हप्ते अजून जुन्या बांधीव अंकांतच शोधावे लागतात.