पाणी कशाने बाटते?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. मागाहून सनातन्यांनी १०८ घागरींचा विधी करून दूध, दही, शेण, गोमूत्र घालून ते तळे ‘शुद्ध’ केले! माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते, असे त्यांचे शास्त्र. १९३७ साली मुंबई हायकोर्टात त्यांचा दावा टिकला नाही आणि तळे सर्वांना खुले राहिले.

मग पाणी खरोखर कशाने बाटते? याचे उत्तर पोथीत नाही, पाणवठ्यावर उगवलेल्या वनस्पतींत आहे.

आमच्या भोकर तालुक्यातली सुधा नदी पुढे तेलंगणात भैंशाजवळून जाऊन गोदावरीला मिळते. अशा नद्यांच्या काठी पुराचे पाणी पसरून जिथे साचते, ती पाणथळ जागा. तिथले पाणी चांगले असेल तर अनेक जातीच्या वनस्पती नांदतात. काठाला लव्हाळा आणि पाणकणीस, पाण्यावर कमळ आणि शिंगाडा, तळाशी बुडून वाढणाऱ्या वनस्पती. बुडालेल्या वनस्पती पाण्याला प्राणवायू देतात, काठावरच्या गाळ अडवतात आणि पाण्यातली खते शोषतात.

सांडपाणी आणि शेतातले खत वाहून आले की पाण्यात नत्र व स्फुरद वाढते. मग शेवाळ माजते, जलपर्णी फोफावते. मूळची दक्षिण अमेरिकेची ही वनस्पती अनुकूल पाण्यात साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिच्याखाली ऊन पोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात, डास वाढतात. नांदेडला गोदावरीच्या पात्रात हे दृश्य वारंवार दिसले आहे. जिथे अनेक जाती होत्या तिथे एकच माजली, की पाणी बिघडले असे समजावे. नुसती जलपर्णी काढून भागत नाही. नाला तसाच राहिला तर ती पुन्हा येते.

आणि गावाचा नाला उतरतो कुठे? बहुतेक ठिकाणी आपल्याच वस्तीच्या अंगाला. घाण सगळ्या गावाची, हगवण मात्र आपल्या लेकरांना!

माताभगिनींनो, पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण खतातले नायट्रेट जात नाही. लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असलेले पाणी वरच्या दुधात गेले तर तान्ह्या बाळाला धोका असतो. म्हणून तपासणी हवी. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या पाचांत आपल्या वस्तीची एक तरी असावी. ग्रामपंचायतीला पाण्याबाबत लाल, पिवळे की हिरवे कार्ड मिळाले, हे ग्रामसभेत विचारावे. आपल्या वस्तीतल्या हातपंपाचा नमुनाही तपासायला लावावा.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर हा विषय काढा. पाण्याला हात लावण्याचा हक्क महाडने मिळवून दिला. ते पाणी निर्मळ मिळावे, यासाठी आता आपण उभे राहायचे आहे.

जयभीम!