विम्याचा कागद आणि खोलीचं भाडं

मैत्रिणींनो, आमच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत साखरेचा भाव कुणालाही विचारा, तोंडपाठ! पण घरातल्या मेडिक्लेमच्या कागदात काय लिहिलंय म्हटलं, की सगळ्या गप्प. मोठ्या दुखण्याला नाशिक गाठल्यावर तो वाचायला वेळ कुठला?

आज दुपारी तो काढाच, आणि आधी खोलीभाड्याची मर्यादा शोधा. समजा, विमा ३ लाखांचा आणि मर्यादा रोजची १ टक्का, म्हणजे ३ हजार. पेशंटला निवांत हवं म्हणून तुम्ही ६ हजारांची खोली घेतलीत. वाटतं, वरचे ३ हजार भरले की झालं. तसं नसतं, बाई! जिथे डॉक्टरांची फी, ऑपरेशन, नर्सिंग यांचे दर खोलीप्रमाणे चढतात, तिथे कंपनी तो खर्चही निम्माच धरू शकते. औषधं आणि तपासण्यांना मात्र ही कात्री लागत नाही.

जुना मधुमेह, रक्तदाब फॉर्मवर लपवू नका, एजंट काहीही म्हणो. २०२४ च्या नियमांप्रमाणे आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं. लपवलेलं उघड झालं, तर पैसेच नाकारले जाऊ शकतात. आणि नवी पॉलिसी पटली नाही, तर हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.