आकड्यांची तारीख करताना

वर्धा जिल्ह्यातील कपाशीच्या लागवडीची नोंद संगणकावर उघडताच तारखेच्या जागी ४५४५८ असा आकडा दिसल्यास ती नोंद बाद समजू नये. एक्सेल १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून मोजणी करते. रकान्यास तारखेचे स्वरूप देताच तेथे १५ जून २०२४ असे दिसते.

‘आर’ ही प्रणाली मात्र १ जानेवारी १९७० हा शून्य दिवस मानते. तीत हाच आकडा १७ जून २०९४ ठरतो. म्हणून तेथे आरंभदिन ३० डिसेंबर १८९९ द्यावा. कारण १९०० च्या फेब्रुवारीत नसलेला एक दिवस एक्सेल जादा मोजते.

गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लागवडीनंतर ४५ दिवसांनी लावावयाचे असतात. तारीख चुकल्यास ती वेळही चुकते. यास्तव दोन-चार तारखा मूळ वहीशी ताडून पाहाव्यात.