पुस्तकांसाठी दागिने गहाण ठेवणारा बाप : सुभेदार रामजीबाबा

गेल्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. गेलेल्या गृहस्थांनी उभी हयात जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहिल्या होत्या. मागे पत्नी, मुले, सुना, नातवंडे असा मोठा परिवार. त्रिसरण-पंचशील झाले. भंतेजींनी थोरल्या मुलाला वडिलांबद्दल दोन शब्द बोलायला सांगितले. मुलगा नोकरीत आहे, चांगला शिकलेला आहे. तो उभा राहिला. "बाबा फार चांगले होते," इतके म्हणाला आणि पुढे त्याला काही सुचेना. तेव्हा कोपऱ्यात बसलेली त्याची माय बोलली, "तुह्या फीसाठी त्यायनं सायकल इकली होती, थे तरी सांग."

मुलाला ते ठाऊकच नव्हते. बाबा तीन कोस पायी का जात, हे त्याने कधी विचारले नव्हते आणि बाबांनीही सांगितले नव्हते.

परतीच्या एसटीत आम्हाला सुभेदार रामजी मालोजी सकपाळ आठवत राहिले. बाबासाहेबांची जयंती आपण थाटात करतो, माता रमाईची करतो. परंतु ज्या बापाने हा मुलगा घडवला, त्याच्या संसाराची हकीकत आपल्या घरांतून फारशी सांगितली जात नाही. म्हणून आज ती थोडक्यात सांगतो.

रामजीबाबा मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे. वडील मालोजी फौजेत होते. रामजीही फौजेत गेले, सुभेदार झाले, लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले. पत्नी भीमाबाई मुरबाडकरांच्या घरची, तेही लष्करी घराणे. या जोडप्याला चौदा अपत्ये झाली. बरीचशी लहानपणीच गेली. चौदावे अपत्य म्हणजे १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव.

पुढे रामजीबाबा सेवानिवृत्त झाले. पेन्शन दरमहा ५० रुपये. दापोली, मग सातारा असा मुक्काम हलला. साताऱ्यात भीमाबाईंनी जगाचा निरोप घेतला. भीमराव तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे. पांगळेपणामुळे स्वतःला धड चालता न येणाऱ्या आत्या मीराबाईंनी या पोरक्या लेकरांवर माया केली. काही काळाने रामजीबाबांनी जिजाबाईंशी दुसरे लग्न केले. भीमरावांना ते रुचले नाही. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून त्यांचे मन दुखावे. हेही सांगायलाच हवे. बापलेकांत रुसवेफुगवे त्याही घरात होते.

रामजीबाबा आजोबाही होते. थोरली मुलगी वारली, तेव्हा तिची दोन मुले याच घरात वाढत होती. दुष्काळी कामावर तलाव खोदण्याचे काम खटाव तालुक्यात गोरेगावला निघाले आणि रामजीबाबांना तिथे खजिनदाराची नोकरी लागली. भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि ही दोन नातवंडे आत्याबरोबर साताऱ्यात राहिली. मुले शाळेत जात आणि स्वतःच स्वयंपाक करीत. भाकरी थापता येत नसे, म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून पुलाव खात.

१९०१ साली बापाने पत्र पाठवून मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत बोलावले. नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून मुले आनंदाने आगगाडीत बसली. मसूर स्टेशनवर उतरली, तर न्यायला कोणीच नाही. आम्ही महार आहोत, असे सांगताच स्टेशनमास्तरांचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार, असे ठरले. रात्रभर पाणी मिळाले नाही. जवळ शिदोरी असून पाण्यावाचून ती खाता आली नाही. दुसऱ्या दिवशी मुले पोचली, तेव्हा बाप चकित झाला. मुलांचे पत्र आले होते, पण नोकराने ते त्यांना दिलेच नव्हते. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

पुढे १९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत आले. एकच खोली. त्यात चूल, जळण, धूर आणि सगळी माणसे. रात्री भीमराव लवकर झोपत आणि बाप जागा राही. दोन वाजता मुलाला उठवायचे, दिव्यापाशी अभ्यासाला बसवायचे आणि मग आपण पाठ टेकायची, असा रामजीबाबांचा नेम होता. इंग्रजी आणि भाषांतर ते स्वतः शिकवीत.

भीमरावांना पुस्तकांचा नाद लागला. पेन्शन पुरत नसे. मग हा सुभेदार लग्न झालेल्या मुलींच्या दारी जाई. रोख पैसे नसले, तर मुलगी अंगावरचा दागिना काढून देई. तो सावकाराकडे गहाण ठेवून पुस्तक यायचे. पेन्शन हाती आली की दागिना सोडवून मुलीला परत. त्या बहिणींचेही उपकार आपण विसरू नयेत.

लाड मात्र नाहीत. भीमराव इंग्रजी चौथी पास झाले, तेव्हा समाजातल्या लोकांनी सत्काराचा बेत केला. रामजीबाबांनी साफ नकार दिला. अशाने पोराच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. दादा केळुस्करांनी भीड घातली, तेव्हा कुठे ते राजी झाले. त्याच सभेत केळुस्करांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. त्याचे मोल आपण जाणतोच.

१९१२ साली भीमराव बी. ए. झाले. १२ डिसेंबरला नातू यशवंत जन्मला. जानेवारी १९१३ मध्ये वडिलांच्या मनाविरुद्ध भीमराव बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. ते तसेच निघाले. वाटेत सुरतेला वडिलांसाठी बर्फी घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. पोचायला दुसरा दिवस उजाडला. बापाचे डोळे मुलालाच शोधत होते. थकलेला हात मुलाच्या पाठीवरून फिरला आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजीबाबा गेले. नातू दोन महिन्यांचाही नव्हता.

दहा वर्षांनी, १९२३ साली, बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला. तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलेला त्याग आणि दाखवलेली दूरदृष्टी यांबद्दलची कृतज्ञता तिथे नोंदवली. पण ते वाचायला बाप उरला नव्हता.

बंधूंनो, भगिनींनो, आपल्या घरांतही असे रामजीबाबा आहेत. कोणी जिनिंगमध्ये, कोणी वणीच्या कोळसा खाणीत, कोणी दुसऱ्याच्या वावरात राबले. त्यांनी काय विकले, काय गहाण ठेवले, कोणत्या रात्री उपाशी झोपले, हे ते आपण होऊन सांगणार नाहीत. येत्या २ फेब्रुवारीला रामजीबाबांच्या फोटोला फूल वाहाल, तेव्हा नातवंडांना घेऊन घरातल्या म्हाताऱ्यापाशी बसा. त्यांना विचारा. मायलाही विचारा, कारण पुष्कळदा तिलाच ठाऊक असते. वहीत चार ओळी लिहून ठेवा.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बोलायला शब्द हवेत, म्हणून हे सांगत नाही. ज्यांच्याविषयी बोलायचे, त्यांच्या कानी ते पडावे म्हणून सांगतो.

सुभेदार रामजीबाबांना आमचे विनम्र अभिवादन. जयभीम!