नूतनीकरण, सजावट की नवे बांधकाम? शब्द बदलला की कर बदलतो

अंधेरीच्या एमआयडीसीतील जुन्या गाळ्याचे कार्यालय करायचे असो, घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्गावरील दुकानाची फरशी उखडून नवी बसवायची असो, की मुलुंड-बोरिवलीतील एखाद्या व्यापारी संकुलाचा दर्शनी भाग बदलायचा असो. मालक आधी विचारतो तो खर्च. कराचा विषय बहुधा शेवटचे बिल हाती पडल्यावर निघतो आणि तोवर तो वादाचा झालेला असतो. सेवाकर १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा करात (जीएसटी) विलीन झाला. तथापि त्यापूर्वीच्या कामांचे दायित्व संपले नाही. नव्या कायद्याच्या कलम १७४ ने जुन्या मागण्या, चौकश्या आणि अपिले जिवंत ठेवली आहेत. त्यामुळे दुकानांच्या आणि कार्यालयांच्या दुरुस्तीवर हा कर कसा लागत होता, हे समजून घेण्याची गरज उरलेली आहेच.

जुनी इमारतही करपात्र

सेवाकर १ जुलै १९९४ पासून दूरध्वनी, शेअर दलाली आणि सर्वसाधारण विमा या तीन सेवांवर पाच टक्के दराने सुरू झाला. बांधकाम क्षेत्र त्याच्या कक्षेत आले ते १० सप्टेंबर २००४ रोजी. बांधकाम म्हणजे नवी इमारत, अशी अनेक लहान कंत्राटदारांची समजूत होती. व्याख्या मात्र तेवढ्यावर थांबत नव्हती. नव्या इमारतीबरोबरच दुरुस्ती, फेरफार, नूतनीकरण आणि पूर्ववत करण्याचे काम तिच्यात स्पष्टपणे नमूद होते. इमारत व्यापार वा उद्योगासाठी मुख्यत्वे 'वापरात असलेली किंवा वापरली जाणार असलेली' असावी, एवढीच अट होती. पन्नास वर्षांची इमारतही या अटीत सहज बसते.

यातील 'मुख्यत्वे' या शब्दाने उपनगरांत बराच गोंधळ उडवला. येथील असंख्य इमारतींत तळमजल्यावर दुकाने आणि वर बिऱ्हाडे. अशा इमारतीच्या दुरुस्तीला व्यापारी म्हणायचे की निवासी? केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क मंडळाने १७ सप्टेंबर २००४ च्या परिपत्रकात यावर तोडगा दिला. महापालिकेच्या वा स्थानिक कायद्यानुसार जी मालमत्ता व्यापारी, तीच करासाठी व्यापारी. नफ्यासाठी न चालणाऱ्या शाळा, रुग्णालये आणि धर्मादाय संस्थांच्या इमारती, तसेच सर्वसाधारणपणे सरकारी इमारती यातून बाहेर राहिल्या. बारापेक्षा अधिक सदनिकांची निवासी संकुले १६ जून २००५ पासून स्वतंत्र नोंदीखाली आली.

दहा लाखांचे दोन हिशेब

खरी मेख होती ती सवलतीत. साहित्यासह काम घेणाऱ्या कंत्राटदाराला एकूण रकमेच्या ६७ टक्के वजावट मिळे आणि कर उरलेल्या ३३ टक्क्यांवरच लागे. परंतु काम केवळ 'पूर्तता व सजावटी'चे असेल, म्हणजे गिलावा, रंगकाम, फरशी, भिंतींच्या टाइल्स, काचकाम, सुतारकाम इतकेच असेल, तर ही वजावट नाही.

दहा लाखांचे एक काम २००६ च्या पावसाळ्यानंतर पूर्ण झाले असे समजू. तेव्हाचा दर शिक्षण उपकरासह १२.२४ टक्के. काम नूतनीकरणाचे ठरले तर ३ लाख ३० हजारांवर ४०,३९२ रुपये कर. तेच निव्वळ सजावटीचे ठरले तर पूर्ण दहा लाखांवर १,२२,४०० रुपये. साहित्य वेगळे विकल्याचा कागदोपत्री पुरावा असेल तर तेवढी किंमत वगळता येई. पण ज्या धंद्यात कोटेशन एका पानावर 'एकूण इतके' असे लिहून दिले जाते, तेथे हा पुरावा कुठून यायचा? फरक ८२,००८ रुपयांचा, आणि तो ठरणार बिलावर लिहिलेल्या चार शब्दांवरून. भिंत पाडून दोन गाळे एक केले, वायरिंग बदलले आणि शेवटी रंग दिला, तर ते नूतनीकरण. फक्त रंग आणि फरशी असेल तर सजावट. मधल्या कामांचे काय, याचे उत्तर अधिकाऱ्यागणिक बदलू शकत होते.

या हिशेबाला नंतर वेगळेच वळण मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्ट २०१५ रोजी लार्सन अँड टुब्रो प्रकरणात निकाल दिला, की साहित्य आणि मजुरी एकत्र असलेल्या कंत्राटांवर १ जून २००७ पूर्वी सेवाकर आकारण्याची कायद्यात तरतूदच नव्हती. म्हणजे साहित्य कंत्राटदाराचे असेल, तर वरच्या उदाहरणातील ४०,३९२ रुपयेही देय नव्हते. ज्यांनी वाद घातला ते सुटले. ज्यांनी निमूटपणे कर भरला त्यांच्यासमोर परताव्याची एक वर्षाची मुदत आडवी आली. प्रामाणिक करदात्यावर याहून मोठा अन्याय क्वचितच झाला असेल.

१ जून २००७ पासून 'वर्क्स कॉन्ट्रॅक्ट' ही स्वतंत्र सेवा आली. एकूण रकमेवर प्रथम दोन, १ मार्च २००८ पासून चार आणि १ एप्रिल २०१२ पासून ४.८ टक्के अधिक उपकर भरून मोकळे होण्याची मुभा मिळाली. लहान कंत्राटदारांना ही सोय मानवली. मात्र या व्याख्येत नूतनीकरणाचा उल्लेख 'नव्या' इमारतीच्या कलमाला जोडून आला होता आणि त्यावरून युक्तिवादाला जागा राहिली.

मालकाने टाइल्स आणून दिल्या तर?

उपनगरांतील दुकानदार टाइल्स, नळ, दिवे स्वतः पसंत करून आणतो आणि कंत्राटदाराला फक्त मजुरी देतो. ३३ टक्क्यांची सवलत घेताना या साहित्याची किंमतही हिशेबात धरावी, असा विभागाचा आग्रह होता. भयाना बिल्डर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०१८ रोजी तो फेटाळला. परंतु हा दिलासा जुन्या काळापुरता. १ जुलै २०१२ पासून मूल्यांकन नियमांतच मालकाने दिलेल्या साहित्याची बाजारभावाने किंमत एकूण रकमेत मिळवण्याची तरतूद झाली होती.

त्याच दिवसापासून कामांची नवी वर्गवारीही लागू झाली. मूळ कामांवर रकमेच्या ४० टक्क्यांवर कर, तर वापरातील इमारतीची दुरुस्ती आणि सजावट यांवर ६० टक्क्यांवर. १ ऑक्टोबर २०१४ पासून हे प्रमाण ७० टक्के झाले. मोडकळीस आलेली वा सोडून दिलेली वास्तू वापरण्याजोगी करण्याचे काम मात्र 'मूळ काम' गणले जाई. दहा लाखांच्या दुरुस्तीवर १ जून २०१६ नंतर, उपकरांसह १५ टक्के दराने, १ लाख ५ हजार रुपये सेवाकर होत असे. राज्याचा मूल्यवर्धित कर वेगळा.

कर भरायचा कोणी?

वार्षिक दहा लाखांपर्यंतची उलाढाल १ एप्रिल २००८ पासून करमुक्त होती. त्यामुळे 'आमचा कंत्राटदार लहान आहे, कर नाही' असे अनेक कंपन्या धरून चालत. १ जुलै २०१२ नंतर ही समजूत महागात पडणारी होती. कंत्राटदार व्यक्ती वा भागीदारी संस्था आणि ग्राहक कंपनी असेल, तर अर्धा कर कंपनीने स्वतः भरायचा होता आणि कंत्राटदाराची सूट या अर्ध्या भागाला लागू नव्हती. कंपनीला एक सोय होती. कार्यालयाच्या नूतनीकरणावरील सेवाकराचे क्रेडिट सेवा पुरवठादाराला मिळू शकत असे. मंडळाने २९ एप्रिल २०११ च्या परिपत्रकात ते स्पष्ट केले होते. नव्या बांधकामाला ही सवलत राहिली नव्हती.

अंधेरी पूर्वेला तर कर एका कुंपणावर ठरत होता. सीप्झच्या आतील उद्योगाचे मंजूर कामकाजासाठीचे नूतनीकरण विशेष आर्थिक क्षेत्राच्या तरतुदींमुळे, थेट वा परताव्याच्या मार्गाने, करमुक्त; कुंपणाबाहेर एमआयडीसीत तेच काम करपात्र. कागद अपुरे असतील तर आतले कामही बाहेरच्यासारखेच.

लहान कंत्राटदारांना खरा फटका बसला तो कर संपल्यावर. प्राप्तिकर विवरणपत्रातील उत्पन्न आणि सेवाकराच्या नोंदी यांची तफावत काढून पाच वर्षे मागे जाणाऱ्या नोटिसा निघाल्या. २०१९ ची 'सबका विश्वास' तडजोड योजना तोवर संपलेली होती. केवळ तफावतीवरून सरसकट नोटिसा काढू नयेत, असे मंडळाला ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्याच अधिकाऱ्यांना सांगावे लागले. अशा नोटिशीला उत्तर देताना कराराची प्रत, साहित्याची बिले आणि इमारतीची महापालिकेतील नोंद यांचाच आधार घ्यावा लागतो. गाळा भाड्याचा असेल तर मालकाचे संमतीपत्रही उपयोगी पडते.

जीएसटीत दर एकच, १८ टक्के. दहा लाखांच्या कामावर १ लाख ८० हजार. यात मूल्यवर्धित कर वेगळा द्यावा लागत नाही. वजावटीचा वाद मिटला, पण शब्दांचा खेळ हिशेबाच्या वह्यांत शिरला. कलम १७(५) नुसार स्थावर मालमत्तेच्या बांधकामावरील कराचे क्रेडिट मिळत नाही आणि नूतनीकरण, फेरफार, दुरुस्ती ही कामेही, जेवढा खर्च भांडवली दाखवला असेल तेवढ्यापुरती, 'बांधकाम'च मानली जातात. एखाद्या कंपनीने रंगकाम चालू खर्चात टाकले तर १ लाख ८० हजारांचे क्रेडिट मिळू शकते. तीच रक्कम मालमत्तेच्या किमतीत मिळवली तर ते बुडते. भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या इमारतींना सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या सफारी रिट्रीट्स निकालात जी वाट मोकळी केली होती, ती २०२५ च्या वित्त कायद्याने १ जुलै २०१७ पासून पूर्वलक्षी दुरुस्ती करून अरुंद केली. खर्च भांडवली की चालू, हा निर्णय लेखापालाने वर्षअखेरीस घेण्याऐवजी कंत्राटावर सही होण्यापूर्वी घेतलेला बरा.