निगम, पार्षद आणि नगरसेवक : दिल्लीच्या नगरशासनाचा एक विचार

नगरशासनाची आधुनिक परिभाषा घडवताना भारतीय भाषांनी जुन्याच शब्दांना नवे अर्थ दिले. मराठीत कॉर्पोरेशनला आपण ‘महानगरपालिका’ म्हणतो व तिच्या सभासदाला ‘नगरसेवक’. दिल्लीच्या हिंदीत हीच संस्था ‘नगर निगम’ होते व सभासद ‘पार्षद’. ‘महापौर’ हा सावरकरांच्या नावावर सांगितला जाणारा शब्द मात्र दोन्ही भाषांनी सारखाच स्वीकारला आहे. ही नावे केवळ योगायोगाची नाहीत. शब्दाने दिलेले आश्वासन आणि व्यवहाराने घेतलेले वळण यांतील अंतर मोजण्यास ती उपयोगी पडतात. प्रस्तुत लेखात दिल्लीच्या निगमाच्या उदाहरणावरून हे अंतर तपासावयाचे आहे.

‘निगम’ या शब्दाचा एक प्राचीन दाखला महाराष्ट्रातच सापडतो. नाशिकच्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा जो दानलेख आहे, त्यात ३००० कार्षापणांची ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेण्यांकडे ठेवल्याची नोंद आहे. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे, अशी अट होती. त्यांपैकी २००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक या दराने येणाऱ्या व्याजातून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी मिळावयाचे होते. हिशेब अगदी तंतोतंत जुळतो. या लेखाचा शेवट विशेष महत्त्वाचा आहे : हा सर्व व्यवहार निगमसभेत जाहीर करण्यात आला आणि प्रथेनुसार दप्तरी नोंदवण्यात आला. दाता राजघराण्यातील असूनही त्याचे दान नगराच्या सभेपुढे वाचले गेल्यावाचून पुरे झाले नाही. निगम म्हणजे चारचौघांत सांगितलेला हिशेब, हा अर्थ येथे स्पष्ट होतो.

दिल्ली नगर निगमाची स्थापना १९५७ च्या अधिनियमान्वये एप्रिल १९५८ मध्ये झाली. अरुणा असफ अली या पहिल्या महापौर. आरंभी पाणी व वीज हे विषयही निगमाच्या छत्राखाली होते. पुढे ते एकेक करून निघून गेले. विजेसाठी स्वतंत्र मंडळ झाले, १९९८ मध्ये पाण्यासाठी दिल्ली जल बोर्ड आले. जमीन तर प्रथमपासूनच केंद्राच्या अधीन असलेल्या विकास प्राधिकरणाकडे होती. शिवाय निवडून आलेली सभाही अखंड राहिली नाही. १९८३ च्या निवडणुकीनंतरची निवडणूक थेट १९९७ मध्ये झाली. निगमाकडे मुख्यत्वे झाडलोट, कचरा, प्राथमिक शाळा, बांधकामाची परवानगी आणि जन्ममृत्यूची नोंद एवढे उरले. म्हणजे नागरिकाचा रोजचा संबंध ज्या कामांशी येतो ती कामे निगमाची, आणि ती करण्याचे सामर्थ्य मात्र अन्यत्र, अशी ही रचना झाली.

२०१२ मध्ये निगमाचे उत्तर, दक्षिण व पूर्व असे तीन तुकडे करण्यात आले. कारभार लोकांच्या जवळ यावा, हा त्यामागील सांगितलेला हेतू. परंतु मालमत्ता करावर जगणाऱ्या संस्थेचे विभाजन म्हणजे श्रीमंत वस्त्या एकीकडे आणि दाट, गरीब वस्त्या दुसरीकडे, असे होणे अटळ होते. पूर्व दिल्लीच्या वाट्याला ६४ प्रभाग आले आणि उत्पन्न तुटपुंजे. पगार थकले, म्हणून २०१५ पासून सफाई कामगारांनी पुनःपुन्हा संप केले व रस्त्यांवर कचरा साचला. केंद्रात एक पक्ष, राज्यात दुसरा आणि निगमात पहिलाच, अशा स्थितीत प्रत्येकाने पैसा न मिळाल्याचे खापर दुसऱ्याच्या माथी फोडले. ज्याच्या हाती झाडू होता त्याची चूल मात्र विझली. गाझीपूरची कचराभूमी १९८४ पासून वापरात आहे. तिची क्षमता २००२ मध्येच संपली होती, तरी कचरा पडतच राहिला. १ सप्टेंबर २०१७ रोजी तो डोंगर ढासळून दोन माणसे प्राणास मुकली.

२०२२ मध्ये तिन्ही निगम पुन्हा एक करण्यात आले आणि प्रभाग २५० ठरले. डिसेंबरातील निवडणुकीत आम आदमी पक्षास १३४ व भारतीय जनता पक्षास १०४ जागा मिळाल्या. तथापि महापौराच्या निवडीचे तीन प्रयत्न गोंधळात वाहून गेले. वाद नायब राज्यपालांनी नेमलेल्या १० नामनिर्देशित सदस्यांच्या मताधिकाराचा होता. राज्यघटनेचे कलम २४३-आर अशा सदस्यांना सभेत मत नाकारते. त्याच आधारे १७ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिल्यावर निवड झाली. झोनच्या प्रभाग समित्यांत मात्र या सदस्यांना मत असल्याने, आणि १८ जणांच्या स्थायी समितीतील १२ जण याच समित्यांतून येत असल्याने, झगडा चालूच राहिला. नामनिर्देशनाचा नायब राज्यपालांचा अधिकार न्यायालयाने ५ ऑगस्ट २०२४ रोजी मान्य केला. स्थायी समिती प्रत्यक्षात आली ती जून २०२५ मध्ये. तोवर पाच कोटी रुपयांवरील कंत्राटे मंजूर करणारी संस्थाच अस्तित्वात नव्हती.

नामनिर्देशन हेच सर्व दोषांचे मूळ, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. जोतीराव फुले हे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासदच होते. तरीही व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतखर्चास त्यांनी विरोध केला आणि तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे सुचविले. नेमणूक करणाऱ्याची मर्जी त्यांनी आपले कर्तव्य मानले नाही. उलट, मतांनी निवडून आलेला सभासदही पक्षाच्या उमेदवारीसाठी वरच पाहू लागला, तर त्याची स्थिती नेमलेल्याहून वेगळी राहत नाही.

येथे ‘पार्षद’ या शब्दाचे दोन अर्थ लक्षात घेण्यासारखे आहेत. एक, परिषदेचा सभासद. दुसरा, देवतेच्या सान्निध्यात राहणारा सेवक. विष्णूचे पार्षद जय-विजय आपल्या पुराणवाङ्मयात परिचित आहेतच. द्वारी कोणास सोडावे आणि कोणास अडवावे हे ठरविणारे ते द्वारपाल. दिल्लीच्या रचनेने पहिल्या अर्थावर दुसऱ्याची मात केली आहे. पक्षपात ही तेथे केवळ व्यक्तींच्या स्वभावातील विकृती नाही. ज्याच्याकडून पैसा, जमीन व पद मिळते त्याच्याकडे पाहावे, ज्याने मत दिले त्याच्याकडे नव्हे, अशी शिकवण ही रचनाच देते. मराठी ‘नगरसेवक’ या बाबतीत अधिक निर्मळ वाटतो खरा. परंतु सेवा नगराची की नेत्याची, हे शब्द ठरवीत नाही.

शब्दांची शुद्धी करून कारभार शुद्ध होत नाही. परंतु निगमाच्या मूळ अर्थात अंतर्भूत असलेली अट, म्हणजे सभेपुढे वाचलेला आणि दप्तरी नोंदलेला हिशेब, ही आजही मागता येते. पगार थकलेल्या सफाई कामगाराचे मागणेही याहून वेगळे नाही.